कॅल्क्युलेटरची मधली खाच

कॅल्क्युलेटर थोरल्या भावाचा होता. आमचा मावसभाऊ जर्मनीत एका कारखान्यात फिटर होता. पंचाहत्तर सालच्या दिवाळीत तो सुटीवर आला, तेव्हा त्याने तो आणला आणि साताऱ्याच्या घरी फराळाच्या ताटाशेजारी ठेवला. मी तेव्हा सांगलीत एका दैनिकात उपसंपादक होतो. भाऊ सांगलीलाच एका सरकारी उपविभागात ओव्हरसिअर होता. लहान तलावांसाठी जमिनीची मोजणी करायची, चढउतार काढायचे आणि नकाशे तयार करायचे, हे त्याच्या पथकाचं काम.

यंत्र काळं, तळहातात मावेल एवढं आणि दिसण्यापेक्षा जड. वरच्या अरुंद खिडकीत लाल आकडे पेटत. बेरीज-वजाबाकीपलीकडे त्याला वर्गमूळ, लॉग, साइन, कोसाइन, टॅन येई. भावाला रस होता तो या शेवटच्या तीन कळांमध्ये. लॉगटेबलात एका कोनाची साइन शोधायची, वरच्या मिनिटांची भर घालायची, लॉगने गुणाकार करायचा आणि पुन्हा उलटा आकडा काढायचा, या सगळ्याला जेवढा वेळ लागे तेवढ्यात यंत्र दहा उत्तरं देई.

त्याला खोडीही होत्या. एकाला तिनाने भागून पुन्हा तिनाने गुणलं की एक येत नसे. नवांची रांग येई. पाचाची कळ हलक्या हाताने दाबली तर एक पाच उमटे, जोरात दाबली तर दोन. साइन किंवा टॅन मागितलं की आकडे क्षणभर थरथरत, जणू आत कोणी पानं उलटतं आहे, आणि मग उत्तर स्थिर होई. थोडा वेळ हात लावला नाही तर बॅटरी वाचवण्यासाठी आकडे विझत आणि एकच लाल ठिपका मागे राही. बॅटरी दोन-तीन तास पुरे. सर्वांत मोठी अडचण उन्हाची होती. सावलीत ठसठशीत दिसणारे आकडे उन्हात नाहीसे होत. खिडकी काळी दिसे, बस्स.

डाव्या कडेला एक छोटा सरकता खटका होता. त्याला तीन खाचा. पहिल्या खाचेत यंत्र कोन अंशांत धरी, म्हणजे आपल्याकडे वर्तुळाचे तीनशेसाठ भाग करतात तसे. तिसऱ्या खाचेत रेडियन. ते कॉलेजच्या गणितात भेटतात. मधली खाच ग्रेडची. तिच्यात वर्तुळाचे चारशे भाग होतात. तिकडचे मोजणीदार याच भागांत कोन मोजतात, असं मावसभावाने सांगितलं.

"आपल्याला त्याचा काय उपयोग?" भावाने विचारलं.

"काही नाही. त्याला हात लावायचा नाही, एवढाच उपयोग," मावसभाऊ म्हणाला, आणि आम्ही हसलो.

वहिनीने यंत्रासाठी लोकरीची पिशवी विणली. ती मापाला घट्ट झाली. यंत्र आत घालताना आणि बाहेर काढताना ओढावं लागे.

उपविभागात आकडेमोडीचा एक जुना रिवाज होता. कोणतीही गणना दोन माणसं करत. दोघांनी एका टेबलावर बसायचं नाही, एकमेकांचा कागद पाहायचा नाही, आणि लॉगटेबलाचं पुस्तकसुद्धा आपलं आपलं वापरायचं. एका पुस्तकात छपाईची चूक असली तर ती दुसऱ्यात असेलच असं नाही, हा त्यामागचा विचार. दोन्ही उत्तरं जुळली की खाली दोन सह्या. जुळली नाहीत तर दोघांनी पहिल्यापासून. भावाचं काम पडताळायला एक वयस्कर सहकारी होते. निवृत्तीला आलेले. भाऊ त्यांना काका म्हणे. त्यांचं लॉगटेबल इतकं वापरलेलं होतं, की त्याची पानं कोपऱ्यांत गोल झाली होती.

सुरुवातीला काकांनी यंत्राला हात लावला नाही.

"तुझं चालू दे. मला ते पेटलेले आकडे नकोत. डोळ्यांत जातात," ते म्हणत.

पण महिन्याभरात ते भावाच्या टेबलाशी येऊ लागले. आधी वर्गमुळासाठी, मग सगळ्यासाठी. भावाने एकदा त्यांना चिडवलं, "काका, पुस्तक रागावेल हं."

"पुस्तकासाठी कपाटापर्यंत उठावं लागतं," काका म्हणाले. "हे पोरगं टेबलावरच बसलेलं असतं."

तेव्हापासून आकडेमोड दोनदा होत राहिली, दोन कागदांवर, दोन हस्ताक्षरांत, पण एकाच यंत्रावर. रिवाज मोडला असं कुणाला वाटलं नाही. माणसं दोनच होती, सह्याही दोनच होत्या. उत्तरं पूर्वी कधीकधी जुळत नसत, ती आता नेहमी जुळू लागली. उपविभागात याचं कौतुक झालं.

त्या हिवाळ्यात कवठे महांकाळच्या बाजूला एका ओढ्यावर पाझर तलावाचं काम हाती आलं. दुष्काळात तिथे भराव टाकायला सुरुवात होऊन काम अर्धवट राहिलं होतं. आता ते पुरं करायचं होतं, तेही घाईने. आणीबाणीचे दिवस होते. वरून आलेल्या तारखा पाळल्या जात. ओढ्याच्या वरच्या अंगाला, माळाच्या उतारावर सात घरांची एक वस्ती होती. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी कुठपर्यंत येईल, ही रेघ नकाशावर काढायची होती. रेघेच्या वर राहिलेलं घर राहणार, खाली आलेलं उठणार.

मी एका सुटीच्या दिवशी भावाबरोबर तिथे गेलो होतो. भाऊ थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून लांबच्या पट्टीवरचे आकडे आणि कोन वाचून सांगे, मदतनीस लिहून घेई. पट्टी धरणाऱ्या माणसाला तिकडे खलाशी म्हणतात. समुद्र त्याने पाहिलेला नसतो. पट्टी घेऊन तो घराघराच्या उंबऱ्याशी उभा राही आणि भाऊ खालून त्या उंबऱ्याचा चढाचा कोन घेई. काही मोजण्या जागेवरच तपासून पाहाव्या लागत. त्यासाठी भाऊ मेंढपाळाकडून आणलेली घोंगडी डोक्यावरून ओढून जमिनीवर बसे आणि आत कॅल्क्युलेटर चालवी. लाल आकडे दिसायला अंधार लागे. बाहेरून दिसे तो एक काळा ढिगारा आणि त्यातून येणारा कळांचा टकटक आवाज.

वस्तीतली माणसं बघायला जमत.

"रावसाहेब, आत चूल पेटवलीया का काय?"

"चूल न्हवं रं, अंडी उबवत्यात."

"बगा हां, पिल्लू सरकारी निघंल."

घोंगडीतून भावाचाच हसण्याचा आवाज आला आणि मग सगळे हसले.

वस्तीत एक निवृत्त हवालदार राहत. पायदळात नोकरी झालेली, पासष्टच्या लढाईत पुढच्या फळीवर होते. वस्तीत त्यांचा शब्द चाले. त्यांचं घर सर्वांत नवं होतं: घडीव दगडाचं जोतं, मंगलोरी कौलं, सागवानी चौकट. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी ते स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. हे घर पाण्यात जातं की राहतं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांनी भावाला चहा दिला आणि थेट विचारलं.

"मोजल्याबिगर सांगता येत नाही," भाऊ म्हणाला. "नकाशा झाला की सांगतो."

"व्हय, नकाशा झाला पायजे," हवालदार म्हणाले. त्यांना उत्तर पटलेलं दिसलं. मग आमच्यासमोरच ते शेजाऱ्यांना समजावू लागले, "पलटणीत नकाशावर मानसं मरत्यात गड्या. नकाशा चुकला तर आपलाच तोफेचा गोळा आपल्या डोस्क्यावर. म्हनून नकाशा चुकत न्हाई."

"आन् चुकला तर?" एकाने विचारलं.

"तर सांगाय कोन उरतंय?" हवालदार म्हणाले. हशा पिकला.

त्यांची बायको दारातून बोलली, "आवं, पाणी इतकं वर कसं चढंल? वड्याला पूर आला तवाबी पार त्या बाभळीपतूर आलं हुतं."

"पूर येगळा, तलाव येगळा. तुला काय कळतंय त्यातलं?" ते म्हणाले. तिने चहाच्या कपबश्या गोळा केल्या आणि आत गेली.

आठवड्याभरात गणना झाली, पडताळणी झाली, दोन सह्या झाल्या. उत्तरं जुळली. नियमाप्रमाणे नकाशावरची रेघ नंतर जागेवर वेगळ्या यंत्राने पुन्हा तपासायची असते. भरावाच्या आणि सांडव्याच्या पातळ्या तशा तपासल्याही. वरच्या अंगाची रेघ तपासायची राहिली. गणना दोनदा जुळलेली असल्याने कुणी आग्रह धरला नाही. नकाशावरून माप घेऊन चुन्याने पांढरे केलेले दगड जागेवर रोवले गेले. दगड वस्तीच्या वर, माळावर लागले. सातही घरं रेघेच्या खाली.

नोटिसा निघाल्या. हरकत घेण्याची मुदत होती. कुणी घेतली नाही. त्या दिवसांत घेण्याची पद्धतही नव्हती. पण वस्ती उठली ती नोटिशीमुळे नव्हे, हवालदारांमुळे. दोन घरं अडून बसली होती. हवालदार त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले, नकाशाची प्रत मांडीवर उलगडली, आणि बोटाने रेघ दाखवली. "ही आपली घरं. हितनं पाणी. आता काय बोलायचं ऱ्हायलं?" अडलेली माणसं नकाशाकडे बघत राहिली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि हवालदारांना कळतं याबद्दल त्यांना शंका नव्हती.

आपलं घर त्यांनी सर्वांत आधी उतरवलं. कौलं एकेक करून खाली दिली, चौकटी काढल्या, तुळई सोडवली. भाऊ त्या दिवशी कामावर होता. त्याने मला नंतर सांगितलं, की हवालदारांची बायको अंगणात पाठ करून उभी होती आणि कौलं हातात घेत होती, पण वर बघत नव्हती. जोतं तेवढं राहिलं. घडीव दगड उपसून न्यायला गाडी मिळेना. पाण्यात जाणार तर जाऊ दे, असं म्हणून त्यांनी ते सोडलं. नवी जागा मिळाली ती माळाच्या पलीकडे, मुरमाड आणि उघडी. विहीर नव्हती. बायकांना पाण्याला दोन माळ ओलांडून जावं लागे. तलाव भरला की विहिरींना पाणी उतरेल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

पहिल्या वर्षी पाऊस बेताचा झाला. तलाव अर्धा भरला. जोती कोरडी राहिली. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. पुढच्या वर्षी परतीच्या पावसाने चार दिवस झोडपलं. तलाव काठोकाठ भरला आणि सांडव्यावरून पाणी पडायला लागलं. आमच्या दैनिकात ती बातमी पहिल्या पानावर, फोटोसह गेली. फोटोत सांडवा होता. वस्ती दुसऱ्या टोकाला असल्याने फोटोत येण्याचा प्रश्न नव्हता.

वस्तीतली माणसं माळ उतरून बघायला गेली. सांडवा वाहत होता, म्हणजे पाणी याच्यापुढे वाढणार नाही हे लहान मुलालाही कळत होतं. पाण्याचा काठ बाभळीच्या थोडा वर येऊन थांबला होता. सातही जोती त्याच्या वर, उघडी, वाफसा आलेल्या जमिनीत उभी होती. पांढरे दगड तर कुठल्या कुठे, माळावर.

पुढची हकीकत खलाशाने भावाला सांगितली. माणसं सातही जोत्यांवरून फिरून आली. मग अडून बसलेल्या घरांपैकी एका घरातला म्हातारा हवालदारांकडे वळला. "हवालदार, तुमचं पाणी कुटं हाय?"

हवालदार माळावरच्या पांढऱ्या दगडांकडे बघू लागले.

"लय शिकीवलंस रं आमाला. पलटण, नकाशा. आँ? दाव की आता."

त्या दिवसापासून वस्तीत त्यांच्याशी कुणी नीट बोलेना. सरकार लांब होतं, हवालदार जवळ होते.

हे ऐकल्यावर भाऊ मोजणीचे जुने कागद घेऊन साताऱ्याला आला. काका निवृत्त होऊन साताऱ्यातच राहत होते. रविवारची दुपार होती. मी घरी होतो. भावाने मला बरोबर घेतलं. काकांनी कागद पाहिले, कपाटातून लॉगटेबल काढलं, चष्मा पुसला आणि एका उंबऱ्याचा चढ हाताने काढायला बसले. दुसऱ्या खोलीत भावाने तीच गणना कॅल्क्युलेटरवर केली. त्यांचा जुना रिवाज त्या दुपारी पहिल्यांदा पुन्हा पाळला गेला.

यावेळी यंत्राचं आणि काकांचं उत्तर जुळलं: साडेदहा मीटरच्या जवळपास. कागदावरचं जुनं उत्तर मात्र साडेनवाच्याही आत होतं.

"म्हणजे यंत्र आज बरोबर आहे आणि तेव्हा चूक होतं?" काकांनी विचारलं. "हे कसं?"

त्यांनी आणखी तीन उंबरे काढले. प्रत्येक ठिकाणी कागदावरचा चढ खऱ्या चढापेक्षा सुमारे एक दशांशाने कमी. भाऊ यंत्राकडे बघत बसला होता. मग त्याने कडेचा खटका नखाने मधल्या खाचेत सरकवला, तोच कोन पुन्हा दाबला, आणि यंत्र काकांपुढे धरलं. लाल आकडे थरथरले आणि जुन्या कागदावरचं उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जसंच्या तसं उमटलं.

खटका तिसऱ्या खाचेत गेला असता तर उत्तरं वेड्यासारखी आली असती आणि पहिल्याच उंबऱ्याला कळलं असतं. मधल्या खाचेतली उत्तरं शहाणी दिसत. सहा अंशांना यंत्राने सहा ग्रेड धरलं. ग्रेड अंशापेक्षा थोडा लहान, म्हणून चढ थोडा कमी. कागदावर घरं होती त्यापेक्षा मीटरभर खाली गेली, आणि त्या मीटरभरात पाणी मावलं. खटका कधी सरकला हे सांगता येणार नाही. घट्ट लोकरीच्या पिशवीतून यंत्र ओढताना सरकला असावा, आणि पुन्हा कधीतरी तसाच ओढताना जागेवर आला असावा.

काकांनी लॉगटेबल मिटलं.

"मी पडताळलं होतं ना रे?" ते म्हणाले.

"हो काका."

"याच्यावरच."

"हो."

ते आम्हाला सोडायला जिन्यापर्यंत आले, आणि तिथे त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. मग काय सांगायचं होतं ते विसरल्यासारखे परत फिरले.

भावाने वरिष्ठांना लेखी कळवलं. कोणती चूक, कशामुळे, किती घरं. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. ते चांगल्या शब्दांत बोलले. जमीन एकदा संपादित झाली की परत देण्याची तरतूद नाही. पाणी जास्त आलं असतं तर माणसं बुडाली असती. कमी आलं यात कुणाचा जीव गेला? "तुम्ही सुरक्षित बाजूला चुकलात," ते म्हणाले. भावाने हे वाक्य मला फोनवर दोनदा सांगितलं.

मी आमच्या संपादकांना विषय सांगितला. आणीबाणी उठली होती. अडवणारं कुणी नव्हतं. संपादकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी आलं नाही, ही बातमी कशी होते?" शेवटी चार ओळी आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली गेल्या.

भावाने कॅल्क्युलेटरच्या खटक्यावर लाखेचा थेंब टाकून तो पहिल्या खाचेत कायमचा बसवला. मग तो वस्तीवर गेला. मी बरोबर होतो.

हवालदार नव्या घराच्या सावलीत बसले होते. घर कसलं, चार भिंती आणि जुनीच कौलं. तुळई मापाला लांब झाल्याने एका बाजूला भिंतीबाहेर आली होती. भावाने उभ्यानेच सांगितलं, की चूक नकाशात होती आणि ती त्याची होती. त्याने यंत्र काढून दाखवलं. हवालदारांनी ते हातात घेतलं नाही.

"मंजी घर ऱ्हायलं असतं?" त्यांनी विचारलं.

"राहिलं असतं."

"सातबी?"

"सातही."

त्यांनी शेजारच्या घरांकडे बोट केलं. "हे मला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय. त्यास्नी सांगा."

त्यांनी स्वतः घरोघर जाऊन माणसं बोलावली. काही आली, काही नाही. भावाने तेच पुन्हा सांगितलं, साध्या शब्दांत: यंत्राचा खटका सरकला, उंबरे खाली दिसले, हवालदारांचा यात दोष नाही, त्यांनी आमच्या नकाशावर विश्वास ठेवला. कुणी शिव्या दिल्या नाहीत. अडून बसलेल्या घरातला तोच म्हातारा पुढे आला. त्याने भावाला नीट न्याहाळलं.

"तुमी घोंगड्यात बसून जे करत हुता, त्येच यंत्र व्हय?"

"होय."

"बरं." मग तो हवालदारांकडे वळला. "रावसाहेब मोकळं झालं. बोलून मोकळं झालं. आमी काय रावसाहेबाचं ऐकून घर मोडलं न्हवतं. आमी तुजं ऐकून मोडलं."

माणसं पांगली. हवालदार तसेच उभे राहिले. बायको मागून आली आणि म्हणाली, "जोतं हाय न्हवं अजून? चला तितं."

पंधरवड्यात ते दोघं जुन्या जोत्यावर राहायला गेले. एकटेच. नव्या घराची कौलं पुन्हा उतरवून खाली आणली, ती पुरेनात म्हणून अर्ध्यावर पत्रे टाकले. खालच्या काठाचं पाणी तिला दारातून दिसे. तिथूनच घागर भरता येई. वस्तीतली बाकीची घरं आली नाहीत. एकदा मोडल्यावर पुन्हा मोडावं लागेल, अशी त्यांना भीती होती आणि ती खरी ठरली. जागा सरकारी झाली होती. अतिक्रमण हटवण्याची नोटीस तयार होऊन भावाच्या टेबलावर सहीसाठी आली, कारण तो भाग त्याच्याकडे होता.

भावाने सही केली नाही. कागद दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा कागदाऐवजी बदलीचा हुकूम आला, शिरवळकडे. त्याच्या जागी आलेल्याने नोटीस बजावली. त्याला आधीचं काही माहीत नव्हतं, आणि त्याच्या नकाशात ते जोतं पाण्याखाली होतं.

मुदत संपायच्या दिवशी मी बातमीदार म्हणून वस्तीवर गेलो. पोलीस येणार असं ऐकलं होतं. पोलीस आले नव्हते, यायची गरज पडली नाही. नोटीस चौकटीला चिकटवलेली होती. हवालदार छपरावर चढून पत्र्यांचे खिळे उपटत होते. खाली बायको उभी होती, पदर खोचलेला, हात वर न केलेले.

"हवालदार, कोर्टात जाता येईल," मी म्हणालो. "स्थगिती मिळते. माझ्या ओळखीचे वकील आहेत सांगलीत."

"नकाशात काय हाय?" त्यांनी वरूनच विचारलं.

"नकाशा चुकीचा आहे. भावाने तुम्हाला सांगितलंय."

"त्येनी सांगितलं. पर नकाशा बदलला का?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी पुढचा खिळा पक्कडीत धरला. "मी ह्या वस्तीला नकाशा दावून उठीवलं. आता माझ्यापुरता न्हाई म्हनू व्हय?"

खिळा निघाला. पत्रा एका बाजूने सुटून वाऱ्याला वाजू लागला. बायको अजून तशीच उभी होती. खाली तलावात, काठाच्या जरा आत, बाभूळ बुंध्याशी पाण्यात उभी दिसत होती.

"धर की तिकडनं," हवालदार म्हणाले.

तिने हात वर केले.